पिशवी काढण्याआधी गोठ्यात डोकावा

गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आष्टी-पाटोद्याकडच्या कुठल्याही गोठ्यात विचारा, डेअरीला दूध घालायला जाणारं सातवीतलं पोरगंही हा नियम सांगेल. गाय भरवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते आणि एकविसाव्या दिवशी ती उलटते का, म्हणजे पुन्हा माजावर येते का, याकडे अख्ख्या घराचं लक्ष असतं. म्हशीचा माज मुका आणि बऱ्याचदा रात्रीचा, म्हणून घरातली म्हातारी माणसं भल्या पहाटे उठून गोठ्यात चक्कर मारतात. गाय २८० दिवसांनी विणार, म्हैस ३१० च्या आसपास, शेळी पाच महिन्यांत. हे हिशेब इथं कुणाला शिकवावे लागत नाहीत.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीची बहुतेक वर्षं बीड जिल्ह्यात गेली. इथल्या शेतकऱ्याला, आणि त्याहून जास्त शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला, जनावराच्या प्रजननाची जी समज आहे, तिचा मला मनापासून आदर वाटतो. त्याच बाईला तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल जे कधीच सांगितलं गेलं नाही, त्याचा तितकाच राग येतो. हा लेख त्या रागातून लिहिते आहे.

काम उरकून मी हात धुवायला लागले, की तांब्यानं पाणी घालणारी बाई बऱ्याचदा हळूच विचारते, "मॅडम, जनावराचं झालं, पण बायकांचंबी कळतं का तुम्हाला?" पुरुषमाणसं तोवर बाजूला गेलेली असतात. मी सांगते, मावशी, मी जनावरांची डॉक्टर, तुम्ही सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टरकडे जा. "तिथं कुठं बाई असती वो," असं उत्तर येतं आणि मग पुढचं सगळं एका दमात: अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखती, तालुक्याच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, पिशवी खराब झालीय म्हणाला, काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल. विचारणारीचं वय कधी ३२ असतं, कधी २८.

तिच्या मागे दावणीला तीच गाय उभी असते, जिच्या शेपटीखाली लोंबणारा पारदर्शक, चिकट बळस बघून तिनं नवऱ्याला मला फोन करायला लावलेला असतो. बळस स्वच्छ आहे, तार धरतोय, म्हणजे गाय निरोगी आणि माज खरा, हे तिनं मला स्वतः सांगितलेलं असतं. तिच्या शरीरातही दोन पाळ्यांच्या मध्ये, बीज सुटण्याच्या सुमाराला, तसाच स्राव तयार होतो. अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांत धरला तर ताणला जाणारा. दोन्हीकडे काम एकच: गर्भाशयाच्या तोंडाशी एरवी घट्ट असलेला चिकट पदार्थ पातळ करून शुक्राणूंना वाट देणं. दोन्हीकडे हुकूम देणारं संप्रेरकही एकच, इस्ट्रोजेन. गायीत जे लक्षण बघून घर आनंदतं, तेच बाईत दिसलं की तिला आजारी ठरवलं जातं.

हे चक्र नीट समजून घेतलं तर पुढच्या पुष्कळ भीती आपोआप गळून पडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. बीजकोषात एक पुटकुळी वाढते. तिच्या आत बीज असतं आणि ती वाढताना इस्ट्रोजेन सोडते. गायीत त्यामुळे माज दिसतो: हंबरणं, दुसऱ्या गायींवर उडणं, दूध कमी होणं, बळस. माज १२ ते १८ तास टिकतो आणि तो संपल्यावर साधारण दहा-बारा तासांनी पुटकुळी फुटून बीज सुटतं. सकाळ-संध्याकाळचा तो नियम इथूनच आला. फुटलेल्या पुटकुळीच्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि गर्भाशयाला गर्भ सांभाळण्यासाठी तयार ठेवतो. पंधराव्या-सोळाव्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशय जणू चाचपणी करतं. आत गर्भ असेल तर तो इतका लहान असतानाही स्वतःचा रासायनिक निरोप धाडतो. निरोप आला नाही, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बीजकोषाकडे पाठवतं, पीतपिंड विरघळतो आणि गाय पुन्हा माजावर येते. गर्भाशय आणि बीजकोष यांचं हे एकमेकांशी बोलणं मी विद्यार्थिदशेत पहिल्यांदा वाचलं, तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. अजूनही हातमोजा घालून गायीच्या गुदमार्गातून बीजकोष चाचपताना, बोटाला तो पीतपिंडाचा उंचवटा लागला की तोच आनंद होतो.

बाईत मांडणी थोडी वेगळी आहे. पीतपिंड साधारण १४ दिवसांनी आपला आपण मावळतो. गर्भ राहिला तर गर्भाकडून येणारं संप्रेरक त्याला तगवून धरतं; औषधाच्या दुकानातली गरोदरपणाची पट्टी लघवीत तेच शोधते. दुसरा फरक अस्तराचा. गाय गर्भ आल्यावर तयारी करते, बाईचं गर्भाशय मात्र गर्भ यायच्या आधीच, दर महिन्याला, जाड अस्तर घालून बसतं. गर्भ आला नाही की ते अस्तर सुटून बाहेर पडतं, तीच पाळी. माणूस, काही वानरं-माकडं, काही वटवाघळं आणि आणखी मोजकेच छोटे प्राणी सोडले तर सस्तन प्राण्यांत पाळी येतच नाही. माजानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गायीच्या शेपटीला रक्त लागलेलं दिसतं, ते निराळं. केशवाहिन्या फुटल्यामुळे ते येतं आणि गाय फळली की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो. पण गंमत बघा, ते रक्त पाहून कुणी गायीला गोठ्याबाहेर बांधत नाही, की तिचं दूध टाकून देत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. गायीचा बळस गढूळ असला, त्यात पुवाचे कण दिसले, तर गर्भाशयात संसर्ग आहे असं आम्ही समजतो. बळसात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण मिसळून तापवलं की रंग किती पिवळा होतो, यावरून अंदाज येतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर कोणतं प्रतिजैविक लागू पडेल तेही कळतं. कधी पीतपिंड विरघळायचं नावच घेत नाही, गर्भाशयाचं तोंड बंद राहतं आणि आत पू साठतो. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं की पीतपिंड विरघळतो, तोंड उघडतं, पू वाहून जातो, आणि पुढे तीच गाय गाभण राहते. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात "मॅडम, पिशवी काढूनच टाका" असं गायीबद्दल मला एकाही शेतकऱ्यानं सांगितलेलं नाही. पिशवी गेली म्हणजे वेत गेलं, आणि वेत गेलं म्हणजे दूध गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

बाईच्या बाबतीत हाच हिशेब उलटा लागतो. दोन मुलं झाली, नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, मग पिशवीचा उपयोग काय? उरली ती फक्त दर महिन्याची कटकट. बाईला गायीएवढीही किंमत नाही, असं म्हणून पुष्कळ जण हळहळतात. मला ते पटत नाही. खरं दुखणं असं की आपण बाईला अगदी गायीच्याच मापानं मोजतो आहोत: वेत संपलं की अवयव निकामी.

आणि तो निकामी नसतो. बीजकोषांना मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून येतो, त्यामुळे फक्त गर्भाशय काढलं तरी बीजकोष वेळेआधी थकण्याची शक्यता वाढते. तिशीतल्या बाईचे बीजकोषही सोबत काढले असतील, तर तिला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच रजोनिवृत्ती. पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं, झोप उडणं, अंगाची आग होणं, हे सगळं चाळिशीच्या आत. ही बाई ऊसतोडीला जाणारी असेल, तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. तिची हाडं कशाच्या जोरावर तगणार?

ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं बीडमधलं प्रकरण २०१९ मध्ये देशभर गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातलं देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असं एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं.

नियम हवेतच. पण नियम शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी बसतो. बाईचा निर्णय त्याच्या पुष्कळ आधी, कोपीत नाहीतर घरात झालेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या नावावर. पाळीत पोट धरून एक दिवस बसली तरी खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, तेच कापड पुन्हा पुन्हा ओलंच वापरायचं. त्यातून संसर्ग होतो आणि मग खरोखरच पांढरं जातं, वास येतो, खाज सुटते. या संसर्गाला गोळ्या आहेत. बऱ्याचदा नवऱ्यालाही त्याच वेळी औषध द्यावं लागतं, नाहीतर संसर्ग फिरून येतो. पण गोळ्यांनी फडावरचं पाणी स्वच्छ होत नाही. म्हणून "कायमचा निकाल" लावणारा सल्ला बाईला सुटका वाटतो. तिला मी दोष देणार नाही. घाबरवून सल्ला देणाऱ्याला देते. नुसतं पांढरं जाणं म्हणजे कर्करोग, असं वैद्यकशास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही.

शस्त्रक्रिया कधीच नको, असं मी म्हणत नाही. कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला तर जीव वाचवायला मी स्वतः गर्भाशय काढते. बाईतही मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग अशी कारणं असतात, तेव्हा शस्त्रक्रिया वरदान ठरते. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दुर्गंधीयुक्त लालसर स्राव, ही लक्षणं असतील तर एक दिवसही घालवू नये. माझं म्हणणं एवढंच, की गायीला आधी तपासणी आणि मग उपचार, हा जो क्रम आपण पाळतो, तो बाईला मिळालाच पाहिजे. तिशीनंतर गर्भाशयमुखाची साधी तपासणी, ॲसिटिक आम्लाचा बोळा लावून डाग दिसतो का ते बघण्याची, सरकारी आरोग्य यंत्रणेत आहे. पिशवी काढा म्हणणाऱ्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारावा: ही तपासणी केलीत का, आणि तिचा कागद कुठे आहे?

गोठ्यातलं आणखी एक ज्ञान उंबरा ओलांडत नाही, त्याबद्दलही लिहायला हवं. गेल्या काही वर्षांत लिंगनिर्धारित रेतमात्रा गावोगाव आल्या. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढलेली ती बारीक कांडी वापरली की दहापैकी नऊ वेळा कालवड होते. हे कसं जमतं? वळूच्या वीर्यातले निम्मे शुक्राणू एक्स गुणसूत्राचे, निम्मे वाय गुणसूत्राचे. एक्सवाल्यात सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतं. रंगद्रव्य लावून लेझरच्या प्रकाशात त्याची चमक मोजतात आणि यंत्र एकेक शुक्राणू वेगळा करतं. गायीच्या अंगाला कुणी हातही लावत नाही. कालवड की गोऱ्हा, ते सगळं वळूच्या बाजूनं ठरतं. माणसातही तंतोतंत तसंच. ही कांडी जास्तीचे पैसे मोजून घेणारा शेतकरी, तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या आपल्या आईला गप्प का करत नाही? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा केंद्राचा कायदा त्याआधी सतरा वर्षं झालेला होता. (सगळ्या सृष्टीत बापावरच ठरतं असंही नाही. कोंबडीत नर-मादी ठरवणारं गुणसूत्र अंड्यातून येतं. वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांत तर वाळू किती तापली यावर ठरतं, जास्त ऊब मिळाली की माद्या जास्त. पण सून कोंबडीही नाही आणि कासवही नाही.)

मूल होत नसलं तरी तीच तऱ्हा. तीनदा भरवूनही गाय उलटली तर आम्ही काय करतो? वेळ चुकली का, कांडी नीट साठवली होती का, वळूचं रेत कसं होतं, खनिज मिश्रण देता का, सगळं विचारतो. वळूचं प्रत्येक वेळचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली जातं. गोठवून पुन्हा वितळल्यावर निम्मे तरी शुक्राणू पुढे पोहताना दिसले नाहीत तर तो सगळा साठा फेकून देतात. माणसांत मूल न होण्यामागे निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा जोडीनं, सापडतं. त्याची तपासणी स्वस्त आणि विनावेदनेची. तरी सोनोग्राफी, रक्त, नळ्यांची तपासणी, देवऋषी, उपास, हे सगळं बाईचं होऊन जातं आणि नवरा दवाखान्याच्या बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, नोकरी गमावली, खटले सोसले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. ज्या मराठीत शंभर वर्षांपूर्वी या विषयावर इतकं स्पष्ट लिहिलं गेलं, त्याच राज्यात २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननसंस्थेचा पाठ आहे, आकृत्यांसह आहे, चांगला आहे. किती वर्गांत तो "घरी वाचून घ्या" म्हणून उलटला जातो, हे त्या वर्गांतल्या मुलींना विचारा.

मला शिक्षकांची अडचण समजते. त्यांना मी सुचवेन, सुरुवात जनावरापासून करा. शेळीचं गर्भाशय खाटकाकडे मिळतं. ते धुऊन ट्रेमध्ये ठेवा. गर्भाशयाची दोन शिंगं, त्यांच्या टोकाशी नळ्या, नळ्यांपाशी बीजकोष, त्यावर दिसलाच तर पीतपिंड. मुलं-मुली एकत्र बघू देत. एका माध्यमिक शाळेत मी हे केलं. पहिली दोन मिनिटं हसण्यात गेली, नंतर आवरत नव्हते इतके प्रश्न आले, आणि त्यातले पुष्कळसे शेळीबद्दल नव्हतेच. बाईचं गर्भाशय दोन शिंगांचं नसतं, एकाच पोकळीचं, सात-साडेसात सेंटिमीटर लांबीचं असतं, हे मग फळ्यावर काढून दाखवायला अवघड गेलं नाही. घरी गाय असलेल्या पोराला माज ठाऊक असतो. त्याला पाळी समजावणं शहरातल्या पोरापेक्षा सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

आणि एक मागणी सरकारकडे. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी आमचं खातं वर्षातून दोनदा गोठ्यागोठ्यापर्यंत जातं. जनावरांची वंध्यत्व निवारण शिबिरं गावात भरतात, माणसं कामधंदा सोडून येतात, बायका तर जनावर धरून तासन् तास उभ्या असतात. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, एका खोलीत आशाताई आणि परिचारिका बसू देत. पाळी, पांढरं, गर्भाशयमुखाची तपासणी, नवऱ्याची तपासणी, सगळ्याची माहिती तिथंच मिळावी आणि तपासणीची तारीखही तिथंच ठरावी. पशुसंवर्धन आणि आरोग्य ही दोन खाती वेगळी आहेत, हे मला सांगू नये; बाई एकच आहे, ती दोन्हीकडे तीच येते. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या मागेपुढे निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने गाव रिकामं असतं. ही शिबिरं घ्यायची तर सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागतील.